हाताची घडी, तोंडावर बोट

जून महिना उजाडला, शाळा उघडल्या आणि पालकसभांचे सत्र सुरू झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. हल्लीची मुले कोणाचे ऐकत नाहीत. त्यांना नियम नको, शिस्त नको, धाक नको. तक्रार करणारे पालक असतात, शिक्षक असतात, क्वचित व्यासपीठावरील पाहुणेही असतात. मग सभेतील कोणी ज्येष्ठ उठतात, आपल्या वेळच्या छडीची आठवण काढतात आणि मार खाल्ला म्हणून माणूस झालो, असे अभिमानाने सांगतात. टाळ्या पडतात. ठराव होत नाही. पण सभेचा कल सर्वांच्या ध्यानात येतो. मुलांना नियम शिकवायचे तर छडी पुन्हा हाती घेतली पाहिजे!

आम्हांला हा कल घातक वाटतो, आणि तो केवळ मुलांविषयीच्या कळवळ्यापोटी नव्हे. छडीने मुलाला नियम शिकविता येतो, ही समजूतच मुळात खोटी आहे. छडीने मूल एवढेच शिकते की, ज्याच्या हाती छडी त्याचे ऐकावे आणि त्याची पाठ वळली की आपल्या मनासारखे करावे. हेच मूल पुढे मोठे होते, चौकात पोलीस नाही असे पाहून लाल दिव्यातून गाडी दामटते आणि मग आपण हळहळतो की, या देशात कायद्याची चाड कोणाला उरली नाही. चाड येणार कोठून? पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या कोवळ्या वर्षांत त्याची ओळख भीतीशी करून दिली गेली; कायद्याशी त्याची ओळख कधी झालीच नाही.

मूल शाळेत येते ते नियमांच्या बाबतीत कोरी पाटी घेऊन, असे मानणाऱ्यांनी एखादी संध्याकाळ वाडीत खेळणाऱ्या मुलांजवळ उभे राहून काढावी. लगोरी असो, लपंडाव असो की गोट्या असोत, खेळापेक्षा वादच अधिक वेळ चालतो. राज्य कोणावर, बाद कोण, चेंडू कुंपणापलीकडे गेला तर काय, विहिरीत पडला तर काय? मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः तेथे विधिमंडळ आणि न्यायालय एकाच वेळी भरलेले असते. दम लागलेल्याने 'टाइमप्लीज' म्हटले की सारे थांबतात. कोणाचे धाकटे भावंड हट्ट धरून खेळायला आले, तर त्याला 'कच्चे लिंबू' करतात. ते धावते, ओरडते, बादही होते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम त्यांना कोणत्या गुरुजींनी शिकविला? दुर्बळाला खेळात सामावून घ्यायचे तर नियमाला थोडे वाकावे लागते. मात्र ते वाकणे सर्वांना आधी ठाऊक असावे लागते. हे सूत्र मुलांनी आपापसांत शोधून काढलेले आहे आणि पिढ्यानुपिढ्या ती ते एकमेकांना देत आली आहेत.

गंमत अशी की, आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यालाही हे कच्चे लिंबू ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८२ व्या कलमानुसार सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती अपराध ठरत नसे. ८३ व्या कलमानुसार सात ते बारा या वयातील ज्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम उमगण्याइतकी समज आलेली नाही, तेही अपराधी ठरत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या विसाव्या व एकविसाव्या कलमांत हीच तरतूद कायम आहे. म्हणजे पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराने काहीही केले तरी भारताचे कोणतेही न्यायालय त्याला अपराधी म्हणू शकत नाही, आणि चौथीतल्या मुलाच्या बाबतीत न्यायाधीशाला आधी विचारावे लागते की, याला समज होती काय? वर्गात मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वही घरी राहिली, बूट काळ्याऐवजी तपकिरी निघाले, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलला, की तो अपराधी. सुनावणी नाही, समज होती का याची चौकशी नाही. लगेच बाकावर उभा. देशाचा दंडविधान ज्याला क्षमा करतो त्याला वर्ग क्षमा करीत नाही.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारावर १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जिनिव्हा आणि नशाटेल येथील मुलांसोबत चक्क गोट्या खेळल्या आणि खेळता खेळता त्यांना विचारले, हे नियम कोणी केले, ते बदलता येतील का? सहा-सात वर्षांची मुले म्हणत, नियम पूर्वापार आहेत, वडिलधाऱ्यांनी केले आहेत, काही म्हणत देवाने केले आहेत. ते बदलणे शक्यच नाही. दहा-अकरा वर्षांची मुले म्हणत, सगळे कबूल झाले तर बदलता येतील. येथवर कोणालाही अपेक्षित असे. नवल पुढेच आहे. नियमांना पवित्र मानणारी ती लहान मुले प्रत्यक्ष खेळात ते नियम धडपणे पाळीत नसत; जो तो आपल्याच नादात खेळे. उलट, नियम आपल्या संमतीने चालतात हे ज्यांना कळले होते, ती मोठी मुले ते कसोशीने पाळीत.

आमच्या सर्व म्हणण्याचा गाभा या गोट्यांच्या रिंगणात आहे. नियम आपला आहे असे ज्याला वाटते, तो नियम पाळतो. नियम वरून कोसळला आहे असे ज्याला वाटते, तो त्याला नमस्कार करतो आणि त्याला बगल देऊन जातो. आपल्या शाळांना मुलाने नमस्कार केला की पुरे वाटते.

हा विचार आधुनिक मानसशास्त्राचा, आपल्या परंपरेशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणतील. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या केली, तीत चार गोष्टी आवश्यक मानल्या. कायदा विवेकातून निघालेला असावा, तो सर्वांच्या हिताचा असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो केलेला असावा आणि तो जाहीर केलेला असावा. क्रम पाहा. विवेक प्रथम, अधिकार नंतर! शब्बाथदिवशी शिष्यांनी शेतातील कणसे मोडली म्हणून परुशांनी आक्षेप घेतला, तेव्हा प्रभू येशूने नियम झिडकारला नाही. तो कोणासाठी आहे हे त्याने विचारले. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा तोंडपाठ करून घेताना हे 'कोणासाठी' आणि 'कशासाठी' किती वेळा सांगितले जाते? पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीला बसलेले आठ-नऊ वर्षांचे मूल पापनिवेदनासाठी चुकांची यादी पाठ करते आणि यादीत काही कमी पडले म्हणून शेजारच्या मुलाला विचारते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आमचे म्हणणे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता शाळेतील नियमांना ही कसोटी लावून पाहू. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक नियम असावा. वाक्य उच्चारताच चाळीस-पन्नास बालके क्षणार्धात मूर्ती होतात. परंतु यामागचा विवेक कोणता? दोन मिनिटांची शांतता हवी असेल तर तो उपाय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण अर्धा-अर्धा तास मुले तशी बसविली जातात, कारण बाई हजेरीपटाचे काम करीत असतात किंवा सर कार्यालयात गेलेले असतात. अशा वेळी तो नियम मुलांच्या हिताचा राहत नाही; तो मोठ्यांची सोय होतो. मुलांना हा फरक नेमका कळतो. त्यांना तो शब्दांत मांडता येत नाही, एवढेच.

सर गेले की मॉनिटरचे राज्य सुरू होते. आमच्या मते प्राथमिक शाळेतील सर्वांत वाईट नागरिकशास्त्र या मॉनिटर-पद्धतीतून शिकविले जाते. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावयाची, जास्त बोलणाऱ्यांपुढे फुल्या मारावयाच्या. नऊ वर्षांच्या पोराच्या हाती खडू येतो आणि त्याबरोबर आरोप करण्याचा, पुरावा ठरविण्याचा आणि निकाल देण्याचा असे तिन्ही अधिकार येतात. मित्राचे नाव पुसले जाते, ज्याच्याशी भांडण त्याचे वर चढते, खाऊच्या डब्यातील एखाद्या लाडवाने फुली कमी होते. लाच हा शब्द वाचता येण्याआधी मूल लाच द्यावयास शिकते. सर परत आले की फळा हाच पुरावा. 'मी नाही, तो बोलत होता' असे म्हणणाऱ्याला उलट उत्तराची आणखी एक शिक्षा. दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही दोषी ठरवू नये, हे न्यायाचे आद्य तत्त्व. त्याची पहिली पायमल्ली मुलाला आठवड्यातून पाच दिवस दाखविली जाते. आणि खोडी कोणी काढली हे कळत नसेल तर सारा वर्ग उभा! निरपराध्यालाही शिक्षा करता येते, हे मुलाला अशा रीतीने समजते.

पुस्तकात मात्र सारे ठीकठाक असते. २०१५ नंतर पाचवीसाठी आलेल्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'नियम सर्वांसाठी' या नावाचा पाठच होता. किती सुंदर शीर्षक! २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू करण्याचा निर्णय शासनाने घेतला. तोही स्तुत्य होता. पण परिपाठाला उभे राहून न्याय, स्वातंत्र्य, समता हे शब्द खणखणीत आवाजात म्हणावेत आणि पाचच मिनिटांनी दुसऱ्याच्या खोडीसाठी अंगठे धरून उभे राहावे लागावे, यातून मुलाने कोणता अर्थ घ्यावा? मोठी माणसे काही शब्द केवळ म्हणण्यासाठी ठेवतात, हाच. कित्येक शाळांत शालेय मंत्रिमंडळही असते. शपथविधी होतो, छायाचित्र निघते. बहुतेक ठिकाणी मंत्री बाईच नेमतात आणि स्वच्छतामंत्र्याचे खाते म्हणजे कागद वेचणे. वर्गाच्या वेळापत्रकातील एखादा तास, खेळाच्या साहित्याचे वाटप, भांडण मिटविण्याची रीत, यांपैकी कशावरही त्या मंत्रिमंडळाचे मत कोणी विचारीत नाही.

आता छडीकडे वळतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई केली. तसे करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. तेव्हा सभेत 'पुन्हा छडी आणा' असे म्हणणारे सद्गृहस्थ काय सुचवीत असतात? मुलांना कायदा पाळावयास शिकविण्यासाठी शिक्षकाने कायदा मोडावा! टाळ्या वाजविणाऱ्यांना यातील विसंगती जाणवत नाही, हे आम्हांला मुलांच्या बेशिस्तीपेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

आपल्यातील काही जाणकार येथे हळूच एक मुद्दा पुढे करतात. तो कायदा आपल्या शाळांना लागूच नाही, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रमती शैक्षणिक न्यासाच्या खटल्यात असा निकाल दिला की, हा अधिनियम अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू करता येणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची गरज दर्शविली. पुढे काय व्हायचे ते होवो. आमचा प्रश्न न्यायालयाला नाही; तो आपल्या समाजाला आहे. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला, तो आपली भाषा, संस्कृती, श्रद्धा यांची जपणूक व्हावी म्हणून. मुलाच्या तळहातावर वळ उठविण्याचे स्वातंत्र्य ही आपली संस्कृती आहे काय? तसे असेल तर तसे उघड म्हणावे. नसेल तर त्या सवलतीच्या आडोशाने पट्टी उगारू नये.

शिवाय आडोसाही पुरा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमानुसार ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली मूल आहे त्याने त्याला क्रूरपणे वागविणे हा गुन्हा आहे, आणि तो कायदा शाळा बहुसंख्याकांची की अल्पसंख्याकांची हे पाहत नाही. त्याहून आपल्याला जवळची गोष्ट सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांची संहिता स्वीकारली. शाळेतील शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का न लावणारी असावी, असे तिचे अठ्ठाविसावे कलम सांगते. मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचे मत ऐकून घ्यावे, असे बारावे सांगते. तिला मान्यता देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या राष्ट्रांमध्ये व्हॅटिकनचे पवित्र पीठ होते. त्याने २० एप्रिल १९९० रोजी ती मान्य केली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी केली. म्हणजे रोमने ज्याला होकार दिला त्याबाबत धर्मग्रामाच्या शाळेने पळवाट शोधावी, असा हा प्रकार आहे.

शिक्षकांवर सारा दोष टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असा दंडक. प्रत्यक्षात पन्नास-साठ डोकी समोर असतात आणि वर जनगणना, निवडणुका व नाना प्रकारचे तक्ते. अशा शिक्षकाच्या हातून आवाज चढतो, हे समजू शकते. परंतु घरात तर दोनच मुले असतात ना?

सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहावे. एका स्कूटरवर वडील, पुढे धाकटा, मागे थोरली आणि तिच्यामागे शेजारची मैत्रीण. शिरस्त्राण कोणाच्याच डोक्यावर नाही. मोटार वाहन कायद्यानुसार दुचाकीवर चालकामागे एकालाच बसता येते आणि चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण हवे. वडिलांना हे ठाऊक असते. म्हणून तर पोलीस दिसताच ते थोरलीला उतरवून नाक्यापलीकडे चालत यावयास सांगतात. तो शंभर पावलांचा रस्ता हा त्या मुलीचा कायद्याचा त्या दिवसाचा खरा तास होय. प्लास्टिकचेही तेच. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. शाळाशाळांतून चित्रस्पर्धा झाल्या, पोरांनी कासवांच्या गळ्यात अडकलेल्या पिशव्या रंगविल्या. बक्षीस घेऊन मूल घरी येते तो आई बाजारातून मासळी आणते, पिशवीतच. पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून जन्मतारीख सरकविणारे, गाडीत अर्धे तिकीट वाचविण्यासाठी 'कोणी विचारले तर चौथे वर्ष सांग' असे पढविणारे पालक याच धर्मग्रामात राहतात, रविवारी याच बाकांवर बसतात, आणि पालकसभेत हेच उठून म्हणतात की, मुले नियम पाळीत नाहीत.

मुलांना कायदा शिकविणे म्हणजे 'पाळा' हा एकच शब्द हजार वेळा सांगणे, अशी समजूत रूढ आहे. तीही तपासली पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याची हकिगत प्रत्येक शाळेत सांगितली जाते, आणि ती धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. ती धाडसाची आहेच. पण तिच्यातला कायद्याचा भाग मुलांना सांगितला तर ती त्याहून मोठी कथा होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांचा वापर अस्पृश्यांना खुला असावा, असा तो ठराव होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. नियम कागदावर आला. तळ्यावर मात्र जुनेच चालू राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. चौथीच्या मुलांना विचारावे, त्या दिवशी नियम कोण पाळीत होते आणि कोण मोडीत होते? मुले बरोबर उत्तर देतात. मग पुढचे सांगावे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, त्या सुमारास विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे स्थगित केले आणि खटला लढविला. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे! नियम करणे, तो अमलात आणण्यासाठी झगडणे, चुकीच्या हुकुमाविरुद्ध योग्य मार्गाने लढणे, हे सारे एका तळ्याकाठी शिकविता येते.

दुसरी हकिगत केरळची आहे. १९८५ च्या जुलैमध्ये तेथील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. पण आपल्या श्रद्धेप्रमाणे ती गात नसत. त्यांच्यात सर्वांत धाकटी मुलगी पाचवीत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात निकाल दिला की, राष्ट्रगीत गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही, आदराने उभे राहणे पुरेसे आहे, मुलांना परत शाळेत घ्यावे. त्या पंथाच्या शिकवणुकीशी आपले मतभेद आहेत, हे सांगावयास नकोच. तरीही प्रत्येक ख्रिस्ती घरात ही हकिगत मुलांना ठाऊक असावी असे आम्हांला वाटते. पाचवीतल्या मुलीचे म्हणणे देशातील सर्वोच्च न्यायाधीश ऐकून घेतात. शाळेचा नियम अंतिम नसतो, त्याच्यावर कायदा असतो आणि कायद्यावर संविधान असते. अल्पसंख्य समाजाच्या मुलाला हे ठाऊक नसेल तर उद्या त्याच्यावर अन्याय झाला असता ते मान खाली घालील किंवा दगड उचलील. तिसरा मार्ग आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसेल.

लहान मुलांना एवढे कोठे कळणार, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. ज्यांना गुणाकार, कर्क-मकर वृत्ते आणि पानिपतची सनावळी कळते, त्यांना 'दोघांचेही ऐकून मग ठरवू' हे कळणार नाही? दुसरा आक्षेप असा की, नियमांची कारणे सांगत बसलो तर मुले वाद घालतील. अवश्य घालतील. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा आपली गावे तिच्यातून वगळावीत म्हणून याच पश्चिम पट्ट्यातील माणसे रस्त्यावर उतरली, न्यायालयात गेली. शासनाने नियम केला, तो का केला आणि तो आमच्या हिताचा आहे काय, हा प्रश्न मोठ्यांनी विचारलेला चालतो, त्याचा अभिमानही वाटतो. मग लाल रिबीनच का, असे तिसरीतील मुलीने विचारले तर तो उद्धटपणा कसा?

आम्ही अराजक मागत नाही. वर्गाला नियम हवेतच. पण ते थोडे असावेत आणि वर्षारंभी मुलांबरोबर बसून ठरवावेत. 'एक जण बोलत असताना दुसऱ्याने ऐकावे' हा नियम मुलेच सुचवितात. त्यांना बोलू तर द्या. दिवाळीनंतर कोणता नियम निरुपयोगी ठरला हे त्यांनाच विचारून तो काढून टाकावा, कारण नियम रीतसर रद्दही करता येतो हे पाहिल्याखेरीज त्याच्याविषयी आस्था उत्पन्न होत नाही. ज्याच्यावर आरोप, त्याला आधी बोलू द्यावे. शिक्षा चुकीशी जुळणारी असावी. शाई सांडली तर पुसावी, खिडकीची काच फुटली तर नवी बसविताना हातभार लावावा. आणि नियम बाईंनाही लागू असावा. वर्गात भ्रमणध्वनी वापरायचा नाही असे ठरले असेल, तर शिक्षकांचाही तो कपाटात जावा. यातले काहीही खर्चिक नाही.

धर्मग्रामांच्या शाळा चालविणाऱ्या मंडळींना आणि पालक-शिक्षक संघांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक शाळा वर्षारंभी एक नियमपुस्तिका देते. बूट, केस, नखे, गणवेश, शुल्क, गैरहजेरी, सारे तीत असते आणि शेवटी पालकांची सही. या जूनमध्ये सही करण्यापूर्वी पालकांनी ती उघडून बसावे. मुलाने काय करावे हे सांगणारे नियम तीत किती आहेत, ते मोजावे. मग त्यांपैकी किती नियमांपुढे कारण दिलेले आहे, ते मोजावे. आणि मुलावर हात उगारला जाणार नाही, त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा होणार नाही, ही दोन वाक्ये तीत आहेत की नाहीत, ते पाहावे. नसतील तर सही तूर्त थांबवून पुस्तिका मुख्याध्यापकांकडे परत न्यावी, आणि जाताना मुलालाही बरोबर न्यावे.